शब्द आणि कळ : संगणकीय सोयींच्या मराठी नामकरणाचा विचार

१

मराठीतील 'काढणे' हा धातू अर्थाच्या बाबतीत फार उदार आहे. चित्र काढतात, पाणी काढतात, कर्ज काढतात, एखादा विषय काढतात, काटा काढतात आणि हलाखीत दिवसही काढतात. निर्माण करणे आणि नाहीसे करणे ही दोन्ही टोके हा एकच धातू सांभाळतो. 'रांगोळी काढली' म्हणजे ती अवतरली. 'डाग काढला' म्हणजे तो गेला. बोलण्यात यामुळे सहसा घोटाळा होत नाही, कारण कर्म, प्रसंग आणि बोलणाऱ्याचा हेतू ही तिन्ही मिळून अर्थ निश्चित करतात. परंतु मोबाइलच्या काचेवर एखाद्या छायाचित्राखाली 'फोटो काढा' एवढीच दोन पदे उमटली, तर ती वाचणाऱ्याने काय समजावे? नवे छायाचित्र घ्यावयाचे, की समोरचे छायाचित्र पुसून टाकावयाचे? व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ निर्दोष आहेत. कळ दाबल्यावर मात्र त्यांपैकी एकच घडणार असतो, आणि तो न भरून येणारा असू शकतो.

संगणक आणि मोबाइल यांवरील आज्ञावलींतील निरनिराळ्या सोयींना मराठी नावे देण्याचे कार्य गेली काही दशके चालू आहे. त्याची चर्चा बहुधा 'शब्द संस्कृत असावा की इंग्रजी' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. वरील उदाहरणात 'फोटो' हा शब्द परका आणि 'काढा' हा अस्सल देशी. अडचण आली आहे ती देशी शब्दात. यावरून असे दिसते, की सोयीच्या नावाची सुबोधता शब्दाच्या कुळावर अवलंबून नाही. ती कशावर अवलंबून आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

मराठीला नामकरणाची परंपरा नवी नाही. राज्याभिषेकानंतरच्या काळात शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा तिचा प्रसिद्ध आरंभ. दहा वर्गांत विभागलेल्या या पद्यमय कोशात कारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. या नावांचे पुढे काय झाले, ते मोठे उद्बोधक आहे. 'सेनापती' आणि 'सचिव' टिकले. 'पेशवा' हे फार्सी नाव मात्र 'मुख्य प्रधान' या पर्यायाला पुरून उरले, आणि अठराव्या शतकातील मराठी सत्ता त्याच नावाने ओळखली गेली. एकाच आज्ञेने, एकाच कोशातून आलेल्या शब्दांचे भवितव्य असे भिन्न झाले, कारण शेवटचा निर्णय वापर करणाऱ्यांच्या हाती राहिला.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला आणि माधवराव पटवर्धनांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून त्या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. 'फार्सी-मराठी कोश' रचणाऱ्या पंडिताने भाषाशुद्धीचा कैवार घ्यावा, ही मराठी वाङ्मयेतिहासातील एक लक्षणीय घटना होय. राज्यस्थापनेनंतर १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले आणि १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्याची 'बदनाम कोश' अशी थट्टाही झाली. तथापि 'जिल्हाधिकारी', 'आयुक्त', 'संचालक' ही पदनामे आज कोणालाही कृत्रिम वाटत नाहीत, हे त्या थट्टेबरोबरच नोंदविले पाहिजे.

दिल्लीत याच सुमारास, १९६१ साली, वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना झाली. दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. तत्पूर्वी नागपूर येथे आणि नंतर दिल्ली येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर शास्त्रीय शब्दांची एक संपूर्ण सृष्टीच उभी केली होती. आयोगाने त्याहून मध्यम मार्ग पत्करला. आंतरराष्ट्रीय संज्ञा तशाच ठेवाव्या, संकल्पनावाचक शब्द शक्यतो संस्कृतावरून घडवावे, म्हणजे ते सर्व भारतीय भाषांना सामाईक होतील, अशी ही भूमिका होती.

सामाईकपणाची ही अपेक्षा कितपत फळास आली, हे एका शब्दावरून पाहता येते. 'कंप्यूटर'साठी आयोगाचा 'अभिकलित्र' हिंदीत रुळला नाही. हिंदी बोलणारा 'कंप्यूटर'च म्हणतो. मराठीत मात्र 'संगणक' हा शब्द शाळेच्या फळ्यापासून शासननिर्णयापर्यंत सहज चालतो. तमिळने 'कणिनि' हा आपल्या धातूवरून घडविलेला शब्द रूढ केला. संस्कृतचे भांडार जवळ असूनही दोन शेजारी भाषांनी वेगळी निवड केली, आणि ते भांडार न वापरता तिसरीने स्वतःची वाट काढली. तेव्हा शब्द कोठून आणला, यापेक्षा तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या कामासाठी दिला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

३

वर उल्लेखिलेल्या सर्व कोशांत एक समान लक्षण आहे. ते प्रामुख्याने नामांचे कोश आहेत. पद, वस्तू, खाते, संकल्पना यांना नाव देणे हे त्यांचे उद्दिष्ट. असे नाव प्रथम न समजले तरी फारसे बिघडत नाही. 'आयुक्त' या शब्दाचा अर्थ ठाऊक नसलेला मनुष्यही आयुक्तांच्या कचेरीत जाऊन अर्ज देऊ शकतो. नाव हळूहळू अंगवळणी पडते.

आज्ञावलीतील सोयीचे नाव या जातीचे नव्हे. ते वाचल्यावर मनुष्य काहीतरी करतो, आणि जे घडणार आहे ते घडण्यापूर्वी त्याला केवळ त्या नावावरूनच ओळखावे लागते. सर्व नामे धातूंपासून, म्हणजे क्रियांपासून निघतात, असे शाकटायनाचे मत यास्काने निरुक्तात नोंदविले आहे, आणि गार्ग्याला ते सरसकट मान्य नव्हते हेही सांगितले आहे. भाषेच्या एकंदर स्वरूपाविषयी हा वाद कसाही मिटो. आज्ञावलीच्या मर्यादित जगात शाकटायनाचा पक्ष बलवत्तर आहे. तेथे बहुतेक प्रत्येक नाव ही एक क्रिया असते.

यातून तीन अडचणी उद्भवतात. पहिली संदर्भाची. भाषांतरकाराच्या हाती बहुधा आज्ञावली येत नाही, सुट्या पदांची यादी येते. यादीत 'ओपन' असे पद असेल, तर ते 'उघडा' असे सांगते आहे की 'उघडे आहे' असे कळवते आहे, हे त्या पदावरून ठरत नाही. इंग्रजीत क्रियापद आणि विशेषण यांचे रूप एकच असल्याने मूळ लेखकाला ही शंका येतही नाही. भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या 'गेटटेक्स्ट' या पद्धतीत पदाबरोबर त्याचा संदर्भ नोंदविण्याची सोय आहे. परंतु ती वापरणे मूळ आज्ञावली लिहिणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीतील 'न्यू' हे एकच पद कोठेही चिकटविता येते. मराठीत संदेश नवा, फाइल नवी आणि पान नवे. ज्या आज्ञावलीत 'न्यू' एकदाच भाषांतरित करून सर्वत्र वापरले जाते, तेथे मराठी वाचकाला कोठेतरी 'नवीन' या तिन्ही लिंगांत सारख्या राहणाऱ्या रूपाचा आश्रय मिळतो. परंतु 'निवडलेला', 'पाठवलेली', 'वाचलेले' यांना अशी पळवाट नाही. 'संदेश पाठवली' असे वाक्य समोर आले, की वाचकाचा त्या संपूर्ण व्यवस्थेवरील विश्वास डळमळतो.

तिसरी अडचण क्रियापदाच्या रूपाची. 'जतन कर', 'जतन करा', 'जतन करावे', 'जतन करणे' यांपैकी कोणते? एकेरी रूप यंत्राने वापरणे उद्धट वाटते, 'करावे' हे परिपत्रकाची आठवण देते, आणि 'करणे' हे कार्यालयीन टिप्पणीतील रूप आहे. मराठी आज्ञावलींत 'करा' हे आदरार्थी आज्ञार्थी रूप स्थिर झाले, ते योग्यच झाले. पण येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. कळेवरील शब्द ही यंत्राने माणसाला केलेली आज्ञा आहे, की माणसाने यंत्राला करावयाची? 'जतन करा' हे दुसऱ्या अर्थाने शोभते. 'परवलीचा शब्द लिहा' हे मात्र पहिल्याच अर्थाने घ्यावे लागते. दोन्हींची रूपे सारखीच असल्याने कर्ता कोण, हे वाचकाने स्थानावरून ओळखावयाचे असते. हे अंतर लक्षात घेऊन सूचनेचे वाक्य पूर्ण आणि कळेवरील पद आखूड ठेवणे, हा साधा नियमही पुष्कळ गोंधळ टाळू शकतो.

४

आता प्रत्यक्ष काही नावे तपासू. 'शेअर' या सोयीसाठी 'सामायिक करा' हे पद मराठीत पसरले आहे. मराठीत 'सामायिक' हा शब्द विहीर, भिंत, बांध आणि वारसाहक्क यांच्या संबंधात शतकानुशतके वापरात आहे, आणि त्याचा अर्थ स्पष्ट आहे : वस्तू एक, हक्कदार अनेक. आता एखाद्याने आपले छायाचित्र मित्राला पाठविले, तर त्याची प्रत मित्राकडे जाते. ते काही सामायिक होत नाही. तेथे 'पाठवा' हेच खरे नाव. परंतु अनेक जण मिळून एकच दस्तऐवज लिहीत असतील, एकाने केलेला बदल सर्वांना दिसत असेल, तर तेथे 'सामायिक' हा शब्द अगदी चपखल बसतो. इंग्रजीने दोन भिन्न क्रिया एका शब्दात कोंबल्या. मराठीजवळ त्या वेगळ्या करण्याचे साधन आयते आहे. भाषांतर 'एका शब्दाला एक शब्द' या नियमाने झाले, म्हणून ते साधन वाया गेले.

'डिलीट'साठी आढळणारे 'हटवा' हे पद हिंदीतील 'हटाएँ'च्या वळणाचे आहे. मराठीत अतिक्रमण हटवितात, म्हणजे ते त्या जागेवरून दूर करतात. वस्तू नष्ट झाली, असा बोध त्यातून निश्चित होत नाही. जेथे मजकूर यादीतून दूर होतो परंतु अन्यत्र राहतो, तेथे 'हटवा' किंवा 'यादीतून काढा' चालेल. जेथे तो कायमचा जातो, तेथे 'पुसून टाका' म्हटल्याने परिणामाची जाणीव वेळीच होते.

'परत' या शब्दातही असाच चकवा आहे. 'परत पाठवा' म्हणजे आलेले माघारी धाडा, किंवा आधी पाठविलेले आणखी एकदा पाठवा. पैशाच्या व्यवहारात या दोन अर्थांमधील अंतर फार महाग पडेल. 'पुन्हा पाठवा' आणि 'माघारी पाठवा' अशी फोड केली, की प्रश्न सुटतो. उलट, ज्या ठिकाणी बोलीतील धातू निःसंदिग्ध आहे तेथे तो टाळण्याचे कारण नाही. 'गजर लावा' हे प्रत्येकाला कळते. त्यासाठी 'निर्धारित करा' असे म्हणण्याने भाषा श्रीमंत होत नाही. बँकेच्या यंत्रावर 'पैसे काढा' लिहिले तर 'काढणे' या धातूची संदिग्धता तेथे उपद्रव देत नाही, कारण 'पैसे काढणे' हा प्रयोग सर्वमान्य आहे. 'आहरण' हा शब्द आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या कचेरीत शोभतो, बाजाराच्या दिवशी यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. एकच धातू एका जागी घातक आणि दुसऱ्या जागी सर्वोत्तम, ही गोष्ट शब्दाचा विचार वापराच्या स्थानापासून तोडून करता येत नाही हेच सिद्ध करते.

रूपकांचा प्रश्न याहून निराळा आहे. फाइल, फोल्डर, कचरापेटी ही सर्व पाश्चात्त्य कचेरीवरून घेतलेली लाक्षणिक नावे होत. मराठी कारभाराचीही स्वतःची कचेरी होती : दप्तर, रुमाल, कीर्द, खतावणी, बारनिशी, शेरा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. म्हणून आज 'फोल्डर'ला 'रुमाल' म्हणावे काय? तसे करणे हौसेचे होईल, सोयीचे नव्हे. रुमाल आता खिशात गेला आहे, आणि लक्षणा चालण्यासाठी मुख्यार्थ जिवंत असावा लागतो. 'शेरा' मात्र शाळेच्या प्रगतिपुस्तकात आणि कार्यालयीन नस्तीत अद्याप जिवंत आहे. दस्तऐवजाच्या कडेला लिहावयाच्या अभिप्रायाला तो सहज शोभेल.

५

दिल्लीतून देशभर जाणाऱ्या शासकीय आज्ञावलींच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक परिमाण प्राप्त होते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, संस्कृत शब्दसंपत्तीही पुष्कळशी एक. त्यामुळे हिंदी पद उचलून मराठीत ठेवणे सोपे वाटते. धोका नेमका या साम्यात आहे. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती. मराठीत प्रामुख्याने 'असे करा' हे सांगणे, किंवा सुचविणे. म्हणून दिल्लीचे 'सूचना और प्रसारण' मंत्रालय मराठीत 'माहिती व प्रसारण' होते, आणि 'शिक्षा मंत्रालय' हे 'शिक्षण' झाल्यावाचून मराठी वाचकाला हसू आवरत नाही. मंत्रालयांच्या बाबतीत घेतलेली ही काळजी आज्ञावलींत मात्र ढिली पडते. 'नोटिफिकेशन'ला 'सूचना' म्हटले की मराठी वाचक आपण काहीतरी करावयाचे आहे असे समजून तेथे जातो, आणि त्याला केवळ एक वार्ता आढळते.

योजनांच्या आणि आज्ञावलींच्या विशेषनामांचे भाग्य आणखी वेगळे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून संस्कृत शब्द साधावयाचा, ही दिल्लीची रूढ रीत आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी तालकटोरा क्रीडागारात 'भीम' या देयक-आज्ञावलीचे उद्घाटन झाले. अन्यत्र या नावाने महाभारतातील भीम आठवेल. महाराष्ट्रात 'जय भीम' या अभिवादनामुळे ते प्रथम डॉ. आंबेडकरांचे स्मरण देते, आणि उद्घाटनाच्या भाषणातही तोच संबंध सांगितला गेला होता. शालेय अध्ययनासाठी २०१७ साली आलेल्या 'दीक्षा' या नावाला मराठीत १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे वलय आहे. 'आधार' या नावाचे यश याहून सरळ आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे त्या क्रमांकाच्या वाटपाचा आरंभ झाला; हा शब्द मराठीत आणि हिंदीत जवळजवळ त्याच अर्थाने घरोघरी बोलला जातो. या तिन्ही नावांत व्यंजनेची संपत्ती आहे. पण त्यांपैकी एकही नाव ती सोय काय करते, हे सांगत नाही. विशेषनाम म्हणून ते क्षम्य आहे. आतील कळांची नावे मात्र व्यंजनेवर सोडता येत नाहीत, तेथे अभिधाच हवी.

याउलट महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' ही सोय सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतातील पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करावी, ती सात-बाराच्या उताऱ्यात जावी, असा तिचा हेतू. 'पीक पाहणी' हा शब्द तलाठ्याच्या कामात पूर्वीपासून होता. 'सात-बारा' तर गावनमुना क्रमांक ७ आणि १२ यांवरून लोकांनीच रूढ केलेले नाव. नाव ठेवणाऱ्याने येथे काही घडविले नाही, जे होते ते ओळखले. शेतकऱ्याला सोय नवी होती, काम जुने होते, आणि नावाने ते जुने काम दाखविले. दिल्लीच्या पाटीवर याच जागी 'फसल सर्वेक्षण' असते, तर अर्थ कळला असता; आपले काम कोणते, हे कदाचित कळले नसते.

६

नावाच्या संदिग्धतेची किंमत किती असू शकते, याचा दाखला देयकव्यवहारात मिळतो. २०१६ साली आलेल्या 'यूपीआय' व्यवस्थेत 'कलेक्ट' नावाची सोय होती. पैसे घेणाऱ्याने मागणी पाठवावयाची आणि देणाऱ्याने गुप्त क्रमांक टाकून ती मान्य करावयाची, असे तिचे स्वरूप. हे नाव पैसे घेणाऱ्याच्या बाजूने ठेवलेले आहे. मागणी ज्याच्या मोबाइलवर पोहोचते, त्याच्या बाजूने पाहता ही देण्याची क्रिया आहे. 'तुम्हाला पैसे मिळणार आहेत, क्रमांक टाका' असे सांगून अनेकांना फसविण्यात आले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांपुरती ही सोय बंद करण्यात आली. फसवणुकीचे मूळ केवळ नावात होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि काचेवर 'अमुक व्यक्ती तुमच्याकडे पाचशे रुपये मागत आहे' आणि त्याखाली 'पैसे द्या' व 'नकार द्या' एवढे स्पष्ट मराठी असते, तर 'पैसे मिळणार' ही थाप पचविणे कठीण गेले असते. येथे 'संकलन' हा शुद्ध शब्दही तितकाच निरुपयोगी ठरला असता जितका 'कलेक्ट' ठरला.

७

या विवेचनातून काही निकष हाती येतात. सोयीचे नाव ती सोय वापरणाऱ्याच्या बाजूने ठेवावे. नावातून परिणाम कळावा, विशेषतः तो परिणाम उलटविता येत नसेल तेव्हा. एका इंग्रजी पदासाठी सर्वत्र एक मराठी पद, हा नियम संकल्पनांना लावावा, क्रियांना डोळे झाकून लावू नये. आणि कोशातील शब्द निश्चित करण्यापूर्वी तो त्याच्या जागी, काचेवर, वापरणाऱ्यांकडून वाचवून घ्यावा. मुक्त आज्ञावलींच्या भाषांतरकारांनी वारंवार लागणाऱ्या नोंदी एकत्र बसून निश्चित करण्याचे जे उपक्रम केले, त्यांची दिशा हीच होती. 'फीचर'ला 'वैशिष्ट्य' म्हणण्याची चाल पडली आहे. या लेखात सर्वत्र 'सोय' हा शब्द योजला आहे, तो याच कारणाने. वैशिष्ट्य विकणाऱ्याला दिसते, सोय वापरणाऱ्याला होते.

या प्रश्नाला वाङ्मयबाह्य मानून बाजूस सारणे अभ्यासकांना परवडणारे नाही. मराठी नावे दुर्बोध असली, की इंग्रजी थोडेफार जाणणारा मनुष्य आपला मोबाइल इंग्रजीत करून घेतो. मग मराठी पर्याय कोणी वापरीत नाही, अशी नोंद होते, आणि त्यावर खर्च कशाला, असा प्रश्न पुढे येतो. इंग्रजी न जाणणाऱ्याला अशी सुटका नसते. तो शेजाऱ्याच्या मुलाला बोलावतो, आणि आपला सात-बारा, आपली शिल्लक व आपला गुप्त क्रमांक त्याच्या हाती देतो. ज्या समाजाने साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्याच्या व्यवहाराला शब्द दिले, त्याला आपल्या माणसाच्या व्यवहाराला शब्द देता येऊ नयेत, असे मानण्याचे काही कारण नाही. त्यासाठी 'राज्यव्यवहारकोशा'इतक्या मोठ्या ग्रंथाची आवश्यकता नाही. दोन-तीनशे कळांची नावे, प्रत्येकीचा परिणाम तपासून, नीट ठेवली गेली तरी पुष्कळ काम होईल.